कडीकोयंडा उचकटून, त्यावाटे

"कोणीतरी अज्ञात चोरट्याने फिर्यादी यांच्या बंद घराच्या दरवाजाचा कडीकोयंडा कशाच्या तरी साहाय्याने उचकटून, त्यावाटे घरात प्रवेश करून, फिर्यादी यांच्या संमतीशिवाय, स्वतःच्या फायद्याकरिता, लबाडीच्या इराद्याने खालील वर्णनाचा मुद्देमाल चोरून नेला." महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातील घरफोडीची फिर्याद काढून पाहा. शब्द थोडे मागेपुढे होतील, वाक्य साधारण हेच असेल. वर्तमानपत्राच्या तालुका पानावर ते सतत छापून येते आणि आपण ते न वाचताच पुढे जातो.

हे वाक्य कुणा कारकुनाच्या सवयीतून आले असे वाटते, पण तसे नाही. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द फौजदारी कायद्यातल्या एकेका अटीचे उत्तर आहे. 'बंद', 'उचकटून', 'त्यावाटे', 'संमतीशिवाय', 'लबाडीच्या इराद्याने' यांपैकी एक शब्द गळला की कलम बदलते. कलम बदलले की अटकेपासून तडजोडीपर्यंत सगळेच बदलते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या कायदेविषयक शिबिरांना मी काही वर्षे जातो आहे. लोक तिथे घडी घालून घालून फाटत आलेल्या एफआयआरच्या झेरॉक्स घेऊन येतात. कधी ज्याचे घर फुटले तो येतो, कधी ज्याच्या मुलावर आरोप आहे ती आई येते. दोघांच्याही कागदावर हेच वाक्य असते. अडचण अशी, की हे वाक्य शहरातल्या बंद फ्लॅटवर बेतलेले आहे आणि इथल्या पाड्यावरच्या पुष्कळ घरांना अजून कडीकोयंडाच नाही. एका शिबिरात एका आजीने विचारले होते, की दाराला कुलूपच नव्हते तर घर फोडले असे कसे म्हणायचे? प्रश्न अगदी नेमका आहे, आणि कायद्याने त्याचे उत्तर १८६० सालीच देऊन ठेवले आहे.

आधी शब्दाचे बघू. इंग्रजी वृत्तपत्रे ज्याला 'बर्गलरी' म्हणतात, तो शब्द आपल्या दंडसंहितेत गुन्ह्याचे नाव म्हणून नाहीच. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बर्गलरी म्हणजे रात्रीच्या वेळी दुसऱ्याचे राहते घर फोडून, आत गंभीर गुन्हा करण्याच्या हेतूने शिरणे. दिवसा फोडले तर ती बर्गलरी नव्हे, दुकान फोडले तरी नव्हे. तिथल्या १९१६ च्या कायद्याने रात्र म्हणजे नऊ ते सहा असे घड्याळच लावून दिले होते. १९६८ च्या कायद्याने हे सगळे मोडून नवी व्याख्या केली. भारतीय दंडसंहिता लिहिणाऱ्यांनी मात्र हा शब्दच टाळला. त्यांनी 'घर फोडणे' ही क्रिया उचलली आणि ती कोणकोणत्या रीतींनी होते ते मोजून सांगितले.

मराठी माणसाला ही क्रिया नवी नव्हती. संस्कृतात तिला 'संधिच्छेद' असे देखणे नाव आहे. 'मृच्छकटिक'च्या तिसऱ्या अंकाचे नावच ते. त्यात शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडताना कमळाच्या आकाराचे पाडावे की चंद्रकोरीच्या, यावर विचार करतो आणि मापाला दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे वापरतो. अर्थशास्त्रात चोरीच्या तपासाचा जो भाग आहे त्यात भगदाड आतून पाडले की बाहेरून, हे पडलेल्या मातीवरून ओळखायला सांगितले आहे. आजचा घटनास्थळ पंचनामा याहून फार वेगळे काही विचारत नाही. मनुस्मृतीत रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्याला हात तोडून सुळावर देण्याची शिक्षा आहे. शिक्षा आपण सोडून दिली, ते बरे झाले. पण भगदाड आणि रात्र ही दोन मापे तेव्हाही होती आणि आजही तीच आहेत. चोरी किती रुपयांची, हे घरफोडीच्या व्याख्येत कुठेच येत नाही.

दंडसंहिता ब्रिटिश मुलखात १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होता. शेजारचे जव्हार मुकणे राजघराण्याचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. घाटमाथ्याला चिकटलेले हे दोन शेजारी एका राज्यकर्त्याखाली आले ते असे उशिरा, आणि पालघर जिल्ह्यात आले ते १ ऑगस्ट २०१४ ला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेआधीच्या घटनेला जुनी कलमे, नंतरच्या घटनेला नवी. म्हणून सध्या एकाच कोर्टात एकाच दिवशी ४५७ आणि ३३१(४) असे दोन्ही आकडे पुकारले जातात. गुन्हा एकच आहे.

आता व्याख्या. कायदा इथे पायऱ्या बांधत जातो. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हे फौजदारी अतिक्रमण. ती जागा घर असेल तर गृह-अतिक्रमण. आपण शिरलो हे घरधन्याला कळू नये अशी खबरदारी घेतली तर ते छपून केलेले गृह-अतिक्रमण. आणि आत शिरण्याची किंवा बाहेर पडण्याची वाट विशिष्ट सहा रीतींपैकी एकीने काढली तर ती घरफोडी. 'बाहेर पडण्याची' हे शब्द लक्षात ठेवावेत. उघड्या दाराने पाहुण्यासारखा आत आलेला माणूस चोरी करून मागचे कूड फोडून पळाला, तरी ती घरफोडीच.

त्या सहा रीती अशा. स्वतः किंवा साथीदाराने पाडलेल्या वाटेने जाणे. माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने, किंवा भिंत चढून जाणे. घरधन्याने ज्या रीतीने उघडण्यासाठी ठेवलेली नव्हती अशा रीतीने वाट उघडून जाणे. कुलूप उघडून जाणे. दारातल्या माणसाला मारून किंवा धमकावून जाणे. आणि आडकाठी घालून बंद केलेली वाट आपण किंवा साथीदाराने सोडवून त्यातून जाणे. कुलूप ही सहांपैकी फक्त एक रीत आहे. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

उरलेले अर्धे कायद्यासोबत दिलेल्या दाखल्यांत आहे. जुन्या संहितेची ही मोठी सोय होती, नियमामागून छोट्या छोट्या गोष्टी येतात. घरफोडीचा पहिलाच दाखला असा: एकाने दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडले आणि त्यातून फक्त हात आत घातला. ही घरफोडी. कारण गृह-अतिक्रमणात शरीराचा कोणताही भाग आत गेला की 'प्रवेश' पूर्ण होतो. दुसऱ्या एका दाखल्यात दाराच्या भोकातून तार घालून आतली खिटी उचलली आहे. आणखी एकात हरवलेली किल्ली सापडली, तिने दार उघडले. काही न मोडता, न तोडता ही घरफोडीच. 'फोडणे' या मराठी शब्दाने जो आवाज आपल्या कानात येतो तो कायद्याला लागत नाही.

आता हे पाड्यावर आणून बघा. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणामातीचा लेप दिलेली कुडाची भिंत. ती फोडायला पहार लागत नाही, चार काठ्या बाजूला सारल्या की हात जातो. पण त्या चार काठ्या बाजूला सारणे आणि मुंबईतल्या जवाहिऱ्याची भिंत ड्रिलने कोरणे, कायद्याच्या नजरेत एकच. कौले सरकवून आढ्यावरून उतरणे हेही तेच. दाराऐवजी ताटी असेल आणि ती सुंभाने खांबाला बांधलेली असेल, तर सुंभ सोडणे म्हणजे बंद केलेली वाट सोडवणे. मात्र दार नुसते लोटलेले असेल, कडी नाही, दोरी नाही, आडवा दांडा नाही, तर ते ढकलून आत जाणे घरफोडीच्या व्याख्येत बसवणे अवघड. कायद्याचा शब्द 'बंद असलेले' एवढाच नाही, अडकवून बंद केलेले असा आहे. अशा वेळी गृह-अतिक्रमण होते, चोरी होते, घरफोडी होत नाही. फिर्याद लिहून घेणारा हवालदार सवयीने 'कडीकोयंडा उचकटून' लिहितो आणि पंचनाम्यात कोयंडाच निघत नाही. बचावाच्या वकिलाला एवढे पुरते. ज्याचे खरेच घर फुटले त्याचे नुकसान होते, कारण कूड फोडल्याचा खरा मुद्दा कागदावर आलेलाच नसतो.

'बंद घर' या शब्दांत या भागाचे वर्षच मावलेले आहे. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामे, आणि घाट चढून नाशिककडचे मळे. परत येणे होळीला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. मधले कित्येक महिने घरात एखादी म्हातारी असते, किंवा तीही नसते. असे घर 'राहते घर' राहते का? राहते. कायद्याचे शब्द 'माणसांच्या निवासासाठी वापरली जाणारी इमारत' असे आहेत, त्या रात्री कोणी झोपलेले असलेच पाहिजे असे नाही. शिवाय मालमत्ता ठेवण्याची जागा आणि प्रार्थनेची जागा यांनाही हेच संरक्षण आहे.

त्याच वाक्यातला दुसरा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. घर म्हणजे कायद्याने इमारत, तंबू किंवा जहाज. तंबू! भट्टीवर चार बांबूंवर ताडपत्री टाकून उभी केलेली खोप, जिला मालक 'माझ्या जागेतली' म्हणतो, ती तिच्यात राहणाऱ्या कुटुंबाचे घर आहे. तिच्यात त्यांच्या संमतीशिवाय हात घालणारा गृह-अतिक्रमण करतो. जमीन कोणाची हा प्रश्न इथे येत नाही, ताबा आणि राहणे कोणाचे एवढेच बघायचे.

यातूनच 'लबाडीच्या इराद्याने' या शब्दांशी गाठ पडते. भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी मजूर उचल घेतो. हंगाम संपताना हिशेब फिटत नाही. मग मुकादमाचा माणूस खोपीतून भांडी, मोबाइल, चांदीचे कडे उचलून नेतो, पैसे दिले की परत घेऊन जा म्हणतो. त्याला वाटते की ही वसुली आहे. शेठलाही तसेच वाटते आणि मजुरालाही कित्येकदा तसेच वाटते. पण १८९५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट सांगितले होते, की कर्जदाराने पैसे द्यावेत म्हणून दबाव आणण्यासाठी सावकाराने त्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून नेली तर ती चोरीच. कायमची ठेवून घेण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. आणि ती खोपीची दोरी सोडून, आत शिरून नेली असेल, तर ती घरफोडी. ती उचल वेठबिगारीची असेल तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ते कर्जच रद्द झालेले असते. या प्रकारात फिर्याद क्वचितच होते. घरफोडी म्हणजे गरिबाने श्रीमंताच्या घरी केलेला गुन्हा, अशी जी आपली समजूत आहे तिचा यात मोठा वाटा असावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वाटणी न झालेल्या घराचे कुलूप भावाने तोडले आणि आपला वाटा समजून भांडी नेली, तर त्याचा हक्काचा दावा प्रामाणिक होता का हे आधी बघावे लागते. दावा खरा ठरलाच पाहिजे असे नाही, तो मनापासूनचा असला पाहिजे. पाड्यावरच्या घरफोडीच्या भांडणांत भाऊबंदकी किती असते, हे तिथल्या कुणालाही विचारावे.

आता शिक्षेच्या आकड्यांकडे येतो, कारण खरी धार तिथे आहे. समजा, दोन पायली नागली चोरीला गेली. ती उघड्या खळ्यावरून गेली तर साधी चोरी, तीन वर्षांपर्यंत. नव्या संहितेत तर किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तीच नागली घरातून गेली तर राहत्या घरातील चोरी, सात वर्षांपर्यंत. दिवसा कूड फोडून गेली तर दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर कूड फोडून गेली तर चौदा वर्षांपर्यंत. ती शेणाने लिंपलेल्या कणगीत होती आणि कणगी फोडली, तर बंद पात्र फोडल्याचे आणखी एक कलम, दोन वर्षांपर्यंत. नागली तीच आणि तेवढीच. तीन ते चौदा हा प्रवास सगळा भिंतीचा आणि सूर्याचा आहे.

सूर्याचा, घड्याळाचा नव्हे. आपल्या कायद्यात रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. डिसेंबरात जव्हारला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. संध्याकाळी साडेसहाला झालेली घरफोडी पौषात रात्रीची आणि ज्येष्ठात दिवसाची. एफआयआरमध्ये 'सायंकाळी' असे मोघम लिहिले की चार वर्षांचा फरक त्या एका शब्दात अडकतो. मोखाड्याच्या डोंगरात ऊन लवकर जाते आणि अंधार लवकर वाटतो, पण डोंगराआड जाणे म्हणजे सूर्यास्त नव्हे.

चौदा वर्षे हा आकडा ऐकून मुलाची आई हबकते. तिला मी आधी हे सांगतो, की हा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. जास्त शिक्षा योग्य वाटली तर ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात, त्यांची मर्यादा सात वर्षे. म्हणजे चौदा वर्षे बहुधा पुस्तकातच राहतात. मग या आकड्याला घाबरायचे कशाला? घाबरायचे ते शिक्षेला नव्हे, शिक्षेच्या आधी जे घडते त्याला.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. राहत्या घरातील चोरी सात वर्षांच्या आत बसते. घरफोडी करून केलेली चोरी बसत नाही. म्हणजे 'त्यावाटे' हा एक शब्द खरा आहे की सवयीने पडला आहे, यावर मुलगा नोटीस घेऊन घरी जातो की कोठडीत, हे ठरू शकते. आरोपपत्र वेळेत आले नाही तर जामिनाचा हक्क किती दिवसांनी मिळतो, यावर २०१७ च्या राकेश कुमार पॉल प्रकरणात बहुमताने सांगितले, की नव्वद दिवसांची मुदत जिथे किमान शिक्षा दहा वर्षे आहे अशाच गुन्ह्यांना, एरवी साठ. चोरीसाठीच्या घरफोडीला किमान शिक्षाच नाही, म्हणून साठ. नव्या प्रक्रिया संहितेत या शब्दांची मांडणी बदलली आहे, तेव्हा वकिलाने हा मुद्दा आरोपीच्या पहिल्याच हजेरीला तपासावा.

दुसरा फरक मिटवण्याचा. पाड्यावरचे तंटे बसून मिटतात. चोराने कबूल केले, माल दिला, दंड भरला, विषय संपला. साधी चोरी मालकाच्या इच्छेने कोर्टातही मिटवता येते. घरफोडी नाही. फिर्यादीने पुढे कितीही सांगितले की आमचे मिटले, तरी दंडाधिकाऱ्याला खटला तडजोडीत काढता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. जव्हारहून मुंबई किती लांब आहे हे किलोमीटरमध्ये सांगून समजत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात राहत्या घरातील चोरीचे कलम नावाने दिले आहे आणि पहिल्या गुन्ह्याला नुसती ताकीद देऊन सोडण्याची मुभा आहे. घरफोडीचे कलम त्या यादीत नाही. तिथे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची दुसरी तरतूद मात्र लागू पडते, ती मागावी लागते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग घरफोडीचे कलम पोलिसांनी शक्यतो लावूच नये. मला तसे वाटत नाही. पाच हजारांच्या आतली साधी चोरी नव्या संहितेत अदखलपात्र झाली आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. कातकरी कुटुंबाच्या सगळ्या भांड्यांची किंमत कित्येकदा पाच हजारांत येते. त्यांची चोरी 'साधी' म्हणून नोंदली गेली तर ती नोंदवहीतच राहील. पण कूड फोडलेले असेल तर मालाची किंमत शंभर रुपये असो, गुन्हा दखलपात्रच. शिवाय सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या प्रक्रिया संहितेने केली आहे, ती राज्ये टप्प्याटप्प्याने लागू करू शकतात. भिंतीची इज्जत मालाच्या किमतीवर ठरत नाही, हे या कायद्याचे सगळ्यात चांगले अंग आहे, आणि ते ज्यांच्या घरात किमतीचे काहीच नाही त्यांच्याच सर्वांत उपयोगाचे आहे.

रात्रीच्या घरफोडीला आणखी एक अर्थ आहे, आणि तो जिवाचा आहे. मालमत्तेच्या बचावासाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाण्याची मुभा कायदा फार थोड्या प्रसंगी देतो. सूर्यास्त ते सूर्योदय यांमधली घरफोडी हा त्यांतला एक. ही कल्पना फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातही रात्री भिंत फोडताना मारल्या गेलेल्या चोराबद्दल घरधन्यावर दोष नाही, सूर्य उगवल्यावर मारले तर आहे. पण आपल्या कायद्याने या मुभेला चहूबाजूंनी कुंपण घातले आहे. घरफोडी प्रत्यक्ष चालू असली पाहिजे. चोर घराबाहेर पडला की हा टोकाचा हक्क संपतो. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री शेजारच्या डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे जे घडले ते या कुंपणाच्या पूर्ण बाहेरचे होते. टाळेबंदीच्या दिवसांत चोर फिरत आहेत अशा अफवा त्या भागात होत्या. रस्त्याने जाणाऱ्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला जमावाने गाडी अडवून ठार मारले. शंभरहून जास्त लोकांना अटक झाली. तिथे घर नव्हते, भगदाड नव्हते, प्रवेश नव्हता, होती फक्त रात्र. त्यानंतरच्या शिबिरांत मी हा भाग टाळत नाही. चोर असल्याचा संशय कोणालाही हात लावण्याचा अधिकार देत नाही, आणि खरा चोर सापडला तरी त्याला पकडून विनाविलंब पोलिसांच्या हवाली करायचे, एवढीच सामान्य माणसाची मर्यादा.

'मुद्देमाल' या शब्दाबद्दल थोडक्यात. घर फुटताना कोणी पाहिलेले सहसा नसते, त्यामुळे खटला माल सापडण्यावर उभा राहतो. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असे कोर्ट अनुमान काढू शकते. 'लगेच' म्हणजे किती, हे वस्तूवर ठरते. मोबाइल दिवसांत दोन हात बदलतो, तांब्याचा हंडा बदलत नाही. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू खरोखर निघाली, तर ती निघाली त्या माहितीपुरता भाग चालतो. म्हणून 'निवेदन पंचनामा' नावाचा कागद प्रत्येक फाइलीत असतो. पंच खरेच जागेवर होते का, की त्यांनी ठाण्यात बसून सह्या केल्या, हा प्रश्न प्रत्येक उलटतपासणीत असतो. आणि माल फिर्यादीचाच हे सिद्ध करताना आपल्या आयाबायांची एक सवय कोर्टात फार कामाला येते. भांड्यांवर नाव घालून घेण्याची. तांदळाच्या गोणीला ओळख नसते, नाव घातलेल्या कळशीला असते.

दोन्ही बाजूंच्या माणसाला एक हक्क सारखाच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे जव्हारच्या कोर्टातच करायचा. आरोपी अठरा वर्षांच्या आतला असेल तर तो या कोर्टापुढे नव्हे, बाल न्याय मंडळापुढे जातो, म्हणून शाळेचा दाखला आधी शोधावा.

आणि जे दिवाळीनंतर खाली उतरतात त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट. घर खोडाळ्याजवळच्या पाड्यावर फुटले आणि घरधनी भिवंडीच्या भट्टीवर असेल, तर हद्दीचे कारण सांगून भिवंडीचे ठाणे त्याला परत पाठवू शकत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदवून घ्यावीच लागते, मग ती शून्य क्रमांकाने मोखाड्याला वर्ग होते. तोंडी सांगितलेले लिहून, वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घ्यायचा आणि प्रत फुकट द्यायची. वाचून दाखवतील तेव्हा 'कडीकोयंडा' हा शब्द येईल. घराला कोयंडा नसेल तर तिथेच थांबवायचे, आणि ताटी होती, ती सुंभाने बांधलेली होती, मागच्या कुडाच्या इतक्या काठ्या सरकवलेल्या शेजारणीने पाहिल्या, असे जसे असेल तसे लिहून घ्यायला सांगायचे.